कोरड्या बारवेतला कोरस

शामू मास्तरांना पाऊस नको होता.

दुष्काळाचं तिसरं साल. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं चारा छावणीत बांधलेली होती, माणसं सकाळी उठून आधी आभाळाकडं आणि मग एकमेकांकडं बघत होती. अशा वेळी पाऊस लांबला तर बरं, असं वाटणारा अख्ख्या बीड जिल्ह्यात हा एकच माणूस असावा. ते त्यांनी कधी लपवलंही नाही. "अजून एक महिना न्हाई आला, तर आपलं काम होतंय," असं ते चारचौघांत म्हणायचे, लग्नाची तारीख पुढं ढकलून मागणाऱ्या मुलीच्या बापासारखे. गावानं त्यांना बदडलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. त्यांचं काम म्हणजे कोरड्या बारवेत बायकांचा कोरस बसवायचा. पाऊस आला असता तर बारव भरली असती आणि कोरस बुडाला असता. एवढा सरळ हिशोब होता.

हे मी गोव्यातून लिहिते आहे. इथं एका संगीतशाळेत मी झाडलोट करते, नवरा फाटकावर असतो. शनिवारी सकाळी पंचवीस-तीस माणसं मोठ्या खोलीत उभी राहून चर्चमधली फार जुनी गाणी म्हणतात. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला झाडू थांबला. एका बाजूनं ओळ उठली, ती संपायच्या आत दुसऱ्या बाजूनं तीच ओळ उठली, आणि खाली काही जाड गळ्यांची माणसं एकच सूर धरून उभी. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, आवडलं का. मी म्हणाले, "हे आमच्याकडं पण बसवलं होतं बाई. दूध डेअरीत." त्या हसल्या. मला वाटलं, आता गेली नोकरी. पण बाई दयाळू आहेत. तेव्हापासून धास्ती एकच, की हे लिहून ठेवलं नाही तर उद्या मलाच खोटं वाटायला लागेल. सातवीतनं शाळा सोडलेली मी. चुकेल-माकेल ते वाचणाऱ्यानं पोटात घालावं.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडं. गावात महिलांची सहकारी दूध संस्था होती. महिलांची का, तर महिलांच्या संस्थेला मंजुरी लवकर मिळते असं आबांना, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांना, तालुक्याला कुणीतरी सांगितलं म्हणून. सभासद सगळ्या बायका. कागदावर चेअरमन आबांच्या मंडळी, मंगलवहिनी. खुर्चीवर आबा. सही वहिनींची, पेन आबांचं. म्हैस दोहायची बाईनं, डेअरीपर्यंत कॅन आणायचा बाईनं, आणि पंधरवड्याला पैशाच्या रांगेत उभं राहायचं तिच्या नवऱ्यानं. सहकार म्हणतात तो हाच असावा.

शामू मास्तर या संस्थेचे सचिव. खरं नाव शमुवेल साळवे. जालन्याकडच्या एका मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. आबांनी वहीत त्यांचं शामराव केलं, गावानं शामू केलं. मात्र डेअरीत चहा आला की त्यांचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा, तो नाव बदलून काही जागचा हलला नाही. मास्तरांना त्याचं विचारलं तर म्हणायचे, "माझा कप कोन उष्टा करत न्हाई. तब्येतीला लई चांगलं." आणि हसायचे. ते हसणं बघून समोरच्यालाच खाली बघावं लागायचं.

माणूस उंच, मानेपासून पुढं वाकलेला. खिशाला पेन लावावं तसा दूध तपासायचा लॅक्टोमीटर लावलेला. आणि दोन्ही कानांत कापूस. हा कापूस म्हणजे मास्तरांची खरी ओळख. लोकांना वाटायचं कान फुटलाय. कान चांगला ठणठणीत होता; मास्तरांचं म्हणणं, जगात ऐकण्यासारखं फार थोडं चालतं, उरलेल्यासाठी कान कावून झिजवायचे? ऐकण्यासारखं काही आलं की ते दोन बोटांनी कापूस काढून तळहातावर धरायचे. हा मान सगळ्यांना मिळत नसे. देवळातल्या कर्ण्याला मिळत नसे, आबांच्या भाषणाला तर नाहीच; आबांनी माईक हातात घेतला की मास्तरांची बोटं आपोआप कानाकडं जायची आणि कापूस आणखी आत बसायचा. आबांना वाटायचं, मास्तर नमस्काराला हात उचलतायत.

कापूस निघायचा तो कॅनसाठी. दुधाच्या कॅनवर ते टिचकी मारायचे, कान लावायचे आणि बघितल्याबिगर सांगायचे, "गयाबाई, आज दोन तांबे दूध आन् एक तांब्या विहीर."

गयामाय म्हणजे गावातली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चढ्या आवाजाची म्हातारी. ती म्हणायची, "विहिरीत पानी आसतं तर तुमच्या कॅनात कशाला वतलं आसतं?"

दुष्काळ वाढला तसे कॅन रिकामे यायला लागले. मास्तर एकेकावर टिचकी मारत रांगेतून जायचे आणि खिन्न होऊन म्हणायचे, "सगळे एकाच सुरात लागलेत. एवढी एकी ह्या संस्थेत मी कधी बगितली न्हवती."

कोरसाचं वेड त्यांच्या डोक्यात बोर्डिंगपासून होतं. तिथं कुणी म्हातारे पाद्री होते, त्यांनी पोरांना चार आवाजांत गायला शिकवलेलं. मास्तर ते सांगायला लागले की डेअरीवर रांग अडकायची. "आधी साधूलोक दगडाच्या देवळात समदे मिळून एकच ओळ म्हनायचे. शेकडो वर्सं तेवढंच. मग एका दिवशी कुनाच्या तरी ध्यानात आलं, की आपन खाली एक सूर धरून ठिवला तर वरची ओळ उडती. झाडावर पाखरू उडावं तशी. मग दुसरा म्हनला, तू म्हन, मी मागनं येतो. बस. माणूस तिथं शहाणा झाला."

"आन् मग येडा कवा झाला?" गयामाय विचारायची.

"दोघं एकदम बोलायला लागले तवा."

पण त्यांचं असंही मत होतं, की साधूंनी काही नवं केलं नाही. हे सगळं आधी पाखरांनी, बेडकांनी केलेलं. बेडूक कधी सगळे एकदम ओरडत नाहीत, पाळीनं ओरडतात. मधमाशी खालचा सूर धरते. "माणूस आधी बोलला न्हाई, आधी गायला," ते म्हणायचे. "आन् एकटा न्हाई. कळपानं. जनावरात बसून, जनावराचं ऐकून." हे ऐकून लोक त्यांना कोरस मास्तर म्हणायला लागले. कौतुकानं नव्हे.

बारव गावाच्या खालच्या अंगाला. कुणी, कधी बांधली ठाऊक नाही. चारी बाजूंनी खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, भिंतीत कोनाडे, आणि कोनाड्यांत देव होते त्या जागी पारवे. पाणी होतं तेव्हा मास्तर तिकडं फिरकले नव्हते. दुसऱ्या उन्हाळ्यात तळ उघडा पडला आणि ते सहज खाली उतरून खाकरले. ते खाकरणं चारी भिंतींवर फिरून वर आलं म्हणे. मास्तर दोन तास बाहेर आले नाहीत. दूध नासलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस लावली, की सभासद भगिनींनी दूध घातल्यावर बारवेत जमावं, संस्थेचं महत्त्वाचं काम आहे. आम्ही चौदा जणी गेलो, कारण संस्थेच्या कामाला गेलं नाही तर छावणीच्या यादीतून जनावर कटतं अशी भीती. मास्तर म्हणाले, "गा."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. गयामाय म्हणाली, "ह्येच्यासाटी नोटीस?"

पुरुषांना त्यांनी बोलावलं नाही. पुरुष भजनात आणि इलेक्शनात आवाज काढतात, तेवढ्यानं त्यांचा घसा भागतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्यासाठी त्यांनी दोन ओळी स्वतः जुळवल्या:

बारवंच्या पायऱ्या मोजल्या ग मी बारा,
तेराव्या पायरीला लागला ग वारा.

एवढंच गाणं. पण ते बसवायला सात महिने लागले. एका बाजूच्या बायकांनी सुरू करायचं, त्या 'बारा'वर आल्या की दुसऱ्या बाजूनं पहिल्यापासून, मग तिसऱ्या. आमच्या बायकांना एकीचं संपायच्या आत दुसरीनं सुरू करायचं हे भांडणात छान जमतं, गाण्यात जमेना. पुढच्या बाजूचं ऐकलं की आपली ओळ विसरायची. मास्तर मधे उभे राहून कपाळ बडवायचे. "भूकंप झाला तरी आपली ओळ पुरी करायची! दुसरी काय म्हनती ते ऐकायचं, पर तिच्या मागं जायचं न्हाई!" सासू-सासऱ्यांत राहिलेल्या बाईला हे शिकवणं किती अवघड, ते त्या बिनलग्नाच्या माणसाला काय कळणार.

माझं काय करावं हा प्रश्न होता. माझा आवाज जाडा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलेलं, पाहुणे आले की बोलू नको, रेडा बांधलाय असं वाटतं. म्हणून मी नुसते ओठ हलवत होते. मास्तर समोर आले, म्हणाले, "सुमन, कावून फसवायलीस?" मी घाबरून तोंड उघडलं आणि जो निघाला तो सूर निघाला. कोनाड्यातले पारवे घुमत होते ना, अगदी तिथंच जाऊन बसला. बायका फिस्सकन हसल्या.

मास्तरांनी एका कानातला कापूस काढला. थोडं थांबून दुसऱ्या कानातला काढला.

"हसू नका," ते म्हणाले. "ही जमीन हाय. तुमी समद्या हिच्यावर उगवनार." मग मला, "हितंच ऱ्हा. शब्द नको, काय नको, नुसता सूर. पारव्यात मिसळून जायचं. तू सोडला की वरच्या समद्या पडत्यात, ध्येनात ठिव." आणि त्यांनी तळहात उपडा करून गुडघ्याजवळ धरला. खालचा सूर धर, सोडू नको, अशी ती खूण. मला जन्मात कुणी कशासाठी धरून ठेवलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी पाहुण्यांसमोर चक्क बोलले.

पुढं माझ्यासारख्या आणखी चार सापडल्या. हळूहळू वीस-बावीस जणी झालो. मंगलवहिनी एकदा बघायला म्हणून आल्या आणि वरच्या आवाजात उभ्याच राहिल्या. आबांना सांगून आल्या होत्या, की संस्थेचं काम आहे. एका परीनं चेअरमन म्हणून त्या पहिल्यांदाच कामाला आल्या.

एकदा मास्तरांनी आम्हाला धारूरला नेलं. संस्थेचा टेम्पो तिकडं जाणार होता, त्यात आठ जणींना बसवलं आणि पहाटे किल्ल्यामागच्या डोंगरावर उभं केलं. "आता ऐका," म्हणाले. "उजाडतानी आधी एक बोलतंय, मग दुसरं, मग शंभर. एक बी दुसऱ्याच्या अंगावर पडत न्हाई. ह्यो आपला मूळ कोरस." कापूस काढून तळहातावर धरला आणि डोळे मिटले.

उजाडलं. झाडांना पान नव्हतं. लांब एक तित्तर दोनदा ओरडून गप्प झालं. बराच वेळ झाला, ऊन वर आलं. मास्तर तसेच उभे. शेवटी गयामायला राहवेना. "मास्तर, पाखरं बी ऊसतोडीला गेली का हो?"

आम्ही हसून हसून खाली बसलो. आमची निम्मी घरं तिकडंच गेलेली, दुसरं करणार काय. मास्तर हसले नाहीत. कापूस पुन्हा कानात घालता घालता म्हणाले, "ह्यांच्याकडनं आपन शिकलो. आन् ह्यांचं झाड, ह्यांचं पानी आपनच संपिवलं. आता ही गप झाली, तर कुनीतरी चालू ठिवाया नगं?" टेम्पोत परत येताना सगळ्या बाहेरची झाडं बघत होत्या. गयामायसुद्धा. पण तिला मळमळत होतं, हेही खरं.

मग आबांना इमारत सुचली. दूध संकलनाची, फरशीची, बोर्ड लावायला दर्शनी भिंत असलेली. दूध नव्हतं, पण इमारतीला दुधाची अट नव्हती. जागा कुठली, तर बारव. कोरडी आहे, निकामी खड्डा आहे, मुरूम टाकून बुजवायची, वर स्लॅब टाकायचा. ठराव झाला. सचिव म्हणून तो मास्तरांनाच लिहावा लागला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं; सबंध वहीत तेवढं सुंदर पान दुसरं नाही. खाली मंगलवहिनींची सही. सही करताना वहिनी रडल्या म्हणतात. आबांना वाटलं, इमारतीच्या आनंदानं.

मास्तर दोन दिवस कॅनवर टिचकी मारायचे विसरले. तिसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाले, "तहसीलदार मॅडम छावनी बगाया येनार हायेत, मागनं ही जागा बी बगनार. आबा म्हनत्यात स्वागतगीत म्हना. आपन बारवेतनंच म्हनू. एकदा ऐकलं, की दगडाला बी बुजवावं वाटनार न्हाई." दगडाचं त्यांना ठाऊक होतं. आबांचा त्यांना अंदाज नव्हता.

त्या दिवशी बारवेच्या काठावर मांडव. खुर्चीवर मॅडम, शेजारी आबा, आबांच्या मागं त्यांचा माणूस बप्पा. मुरमाचा पहिला ट्रॅक्टर बाजूलाच उभा केलेला, मॅडमनी नारळ फोडायचा म्हणून. मास्तरांनी आम्हाला चारी बाजूंच्या पायऱ्यांवर उभं केलं. तीन बाजू ओळ म्हणणाऱ्या. चौथी बाजू आमची, पाच जाड्या गळ्यांची, पारव्यांच्या कोनाड्याखाली. मी आबांच्या अगदी पायाशी होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

आबांना कोरस ठाऊक नव्हता. आयुष्यभर त्यांनी माणसं एकाच कारणासाठी वेगवेगळी उभी राहिलेली बघितली होती. आणि संस्थेचं इलेक्शन पुढच्या महिन्यात होतं.

"काय बे बप्पा," ते हळूच म्हणाले, "ह्या चार ठिकानी कावून हुब्या हायेत?"

"मास्तर म्हनत्यात, आवाजाचं हाय काईतरी."

"आवाजाचंच आसतंय समदं."

पूर्वेकडच्या बायकांनी सुरू केलं. त्या 'बारा'वर आल्या आणि दक्षिणेकडच्या पहिल्यापासून उठल्या.

"आँ? ह्या दबल्या न्हाईत पहिलीला," आबा म्हणाले. "दुसरं पॅनल हाय ह्ये."

"तेच म्हनायल्यात की आबा, येकच गानं हाय."

"आरं, जाहीरनामा समद्यांचा येकच आसतो बे! कोन कुनाच्या मागं जायलंय ते बग."

तिसरी बाजू उठली. आबांनी तिकडं बघितलं. पहिल्याच पायरीवर मंगलवहिनी, पदर खोचून, तोंड पूर्ण उघडून. शेजारी मागच्या खेपेला पडलेल्या उमेदवाराची सून. दोघी एकमेकींकडं बघून ताल धरत होत्या.

आबांची खुर्ची मागं सरकलेली मला ऐकू आली. "घरात बी?" ते म्हणाले.

"आन् ह्या खालच्या पाच जनी, आबा," बप्पाचाही आवाज आता बदलला होता, "ह्या काईच म्हनायल्या न्हाईत. नुसत्या घुमायल्यात."

"त्याच धोक्याच्या," आबा म्हणाले. "तोंडातनं शब्द काढत न्हाईत, शेवटाला बरोबर मत टाकत्यात."

वर तीन ओळी एकमेकींवरून जात होत्या. सात महिन्यांत जे कधी लागलं नव्हतं ते त्या दिवशी लागलं. पारवे उडाले नाहीत, आमच्या सुरात घुमत राहिले. बारवेचे दगड अंगातून बोलायला लागले. मला वाटलं मी रडेन, पण रडलं तर सूर सुटतो.

आणि आबा उठले. माईक हातात घेतला. गाणं चालू असताना, चारी बाजूंना हात जोडत म्हणाले, "माझ्या सर्व माता-भगिनींनो! चारी बाजूच्या! तुमच्या भावना आबाला समजल्या! ह्या बारवेची एक दगडी चीप सुदिक हालनार न्हाई! ठराव रद्द!" ट्रॅक्टरकडं हात केला. "ने बे तो तिकडं!"

आम्ही थांबलो नाही. भूकंप झाला तरी ओळ पुरी करायची होती. ती पुरी केली, मग गप्प झालो.

मास्तर मधे, डोळे मिटून. आबांचा माईक खरखरताच त्यांची बोटं सवयीनं कानांकडं गेली होती. तळहातावरचा कापूस परत आत ठासलेला. बारव वाचली हे बारवेत फक्त त्यांनाच ठाऊक नव्हतं. डोळे उघडून त्यांनी कापूस काढला आणि आम्हाला विचारलं, "तिसऱ्या बाजूनं शेवटाला घाई केली का गं?"

कुणी काही बोलायच्या आत वरून मॅडमचा आवाज आला. चांगली बाई होती. म्हणाली, "आबा, निर्णय छान घेतलात. आता टँकर इथंच रिकामा करू. चारी बाजूंनी पायऱ्या आहेत, बायकांना उतरायला सोयीचं. उद्यापासून."

मास्तरांनी वर बघितलं. "पानी? ह्याच्यात?" ते म्हणाले. "पानी कशाला, मॅडम?"

बीड जिल्ह्यात तहसीलदाराला हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नसेल, नंतरही विचारणार नाही. मांडवात सगळे हसले. गयामाय तेवढी हसली नाही. त्यांच्याजवळ जाऊन हळू म्हणाली, "मास्तर, घसा वला झाला तर आजून चांगलं म्हनू आमी."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पाणी साचलं दोनच पायऱ्या, पण बायका आल्या तीनशे. घुमारा पाण्यानं गेला नाही, भांडणानं गेला. आमचाच कोरस घागरी घेऊन चारी बाजूंनी उतरायचा आणि एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू करायची. तालमीचा तेवढा उपयोग झाला. पुन्हा जमू, जमू म्हणत कुणी जमलं नाही. पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगू, मीही मास्तरांना चुकवून घागर भरायची.

आबा बिनविरोध निवडून आले, कागदावर अर्थात मंगलवहिनी. चार पॅनलं नव्हतीच हे त्यांना निकालानंतर कळलं, आणि आपल्याला फसवलं म्हणून त्यांनी मास्तरांना काढलं. पुतण्याला सचिव केलं. खिळ्यावरचा कप मास्तरांनी स्वतः काढून नेला. डेअरीमागची खोली सुटली तेव्हा ते गयामायच्या गोठ्यात राहायला गेले. तिची म्हैस छावणीत होती, जागा रिकामीच. म्हातारी गावभर सांगायची, "म्हशीपरीस बरं हाय. चारा लागत न्हाई. निस्तं घुमतंय." पण जेवायला ताट ती आपल्या हातानं वाढायची, घरातल्या ताटांतलंच.

पुढं माझ्या नवऱ्याला इथलं काम लागलं आणि आम्ही गाव सोडलं. केजची पहिली गाडी बारवेवरून जाते, तिथंच थांबा. पुरतं उजाडलं नव्हतं, टँकर यायचा होता, पाण्याला अजून कुणी उतरलं नव्हतं. नवरा बोचकी मोजत होता. मी काठावरून खाली डोकावले, सवय म्हणून.

मास्तर पाण्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. समोर रिकामा कॅन. कापूस तळहातावर. टँकरच्या पाण्याबरोबर आला की चिखलातनं जागा झाला, देव जाणे, पण एक बेडूक तिथं ओरडत होता. मास्तर कॅनवर टिचकी मारायचे, बोट वर करून म्हणायचे, "थांब बे, तुजी पाळी न्हाई आली," आणि बेडूक मधेच ओरडायचा. पुन्हा टिचकी, पुन्हा बोट, पुन्हा मधेच. मास्तर चिडले नाहीत. सात महिने बायकांना शिकवलेला माणूस तो.

गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी वर बघितलं. मी हात जोडले. मी परक्या गावाला निघाले होते. त्यांनी कापूस पायरीवर ठेवला. तळहात उपडा केला आणि गुडघ्याजवळ धरला.

गाडीत बसले. केजपर्यंत मी तो सूर धरला. इंजिन घुमत होतं, त्यात मिसळून गेला. कंडक्टर दोनदा मागं येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा वाकून म्हणाला, "बाई, पोटात दुखायलंय का?"

मी नुसती मान हलवली. बोलले असते तर सुटला असता.